सात दिवसांनंतरची बाग

चि. बाळ,



परवा फोनवर तू भरभरून बोललीस, ऐकून फार बरं वाटलं. तुमच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकाचं हिवाळी शिबिर जानेवारीत दत्तक गावात होणार, बोडीच्या, म्हणजे गावच्या छोट्या तळ्याच्या, पाळीला लागून ग्रामपंचायतीची जी पडीक बाग आहे ती तुम्ही सात दिवसांत नव्यानं उभी करणार, आणि भिंतीवर रंगवायला मी चार चांगल्या ओळी द्याव्यात, असं तू म्हणालीस. ओळींचं पुढं बघू. आधी हे पत्र सावकाश वाच, आणि जमलं तर पथकातल्या सगळ्यांना वाचून दाखव.

तू सांगितलेली बाग माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. झोपाळ्याची एक साखळी तुटलेली, ओपन जिमच्या लोखंडाला गंज, कारंज्याच्या हौदात पालापाचोळा, बोडीकडच्या बाजूनं बेशरमीचं झुडूप थेट कुंपणाच्या आत. पण बाळ, ही बागसुद्धा कुणीतरी हौसेनं केलेली होती. पैसा लागला, मजूर लागले, फीत कापली गेली, गावातली पोरं पहिल्या दिवशी झोपाळ्यावर बसायला रांगेत उभी राहिली असतील. मग चार-पाच उन्हाळ्यांत तिची ही गत का झाली? हातात फावडं घेण्याआधी तुम्ही हा प्रश्न गावाला विचारा. उत्तर न मिळवता काम सुरू केलंत तर तुमच्या हातची बागही त्याच वाटेनं जाईल.

माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. बागेचं काम शिबिरात सुरू करता येतं, पुरं करता येत नाही. शिबिर उठल्यावर ती कोण सांभाळणार, हे गावासोबत बसून ठरवणं हा तुमच्या श्रमदानाचा सगळ्यांत अवघड भाग आहे, आणि खरं मोल त्यालाच आहे.

ज्या योजनेचा बिल्ला तू छातीवर लावतेस ती कुठून आली, हे तुमच्या बौद्धिक वर्गात सांगितलं असेलच. तरी एक गोष्ट मला आवर्जून सांगायची आहे, कारण तिच्यात आपला एक मराठी माणूस आहे. 1959 साली केंद्र सरकारनं डॉ. चिंतामणराव देशमुखांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. शिक्षण घेणाऱ्या तरुणांनी देशासाठी काही काळ अंगमेहनतीचं काम करावं का आणि कसं, हे तिनं पाहायचं होतं. शालेय शिक्षण संपवून विद्यापीठात जाणाऱ्या प्रत्येकानं नऊ महिने ते एक वर्ष सेवा करावी, आणि ती सक्तीची असावी, अशी शिफारस समितीनं केली. खर्च मोठा होता, अडचणी होत्या, सक्ती मान्य झाली नाही. मग प्रा. के. जी. सैयदैन यांनी निरनिराळ्या देशांतले असे प्रयोग पाहिले आणि सेवा ऐच्छिक ठेवावी असं सुचवलं. शेवटी गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 रोजी, 37 विद्यापीठांत 40,000 विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. म्हणजे तू या कामात स्वतःहून आलीस हे दहा वर्षांच्या विचाराचं फळ आहे. सक्ती नाही म्हणून जबाबदारी कमी होत नाही, उलट वाढते. आपण आपल्या तोंडानं हो म्हटलेलं असतं.

आपल्या विदर्भाला तर हे दिल्लीहून शिकावं लागलं नाही. तुझं विद्यापीठ ज्यांच्या नावानं ओळखलं जातं त्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत ग्रामशुद्धीवर अख्खा अध्याय लिहिला. गाडगेबाबा कीर्तनाच्या आधी गाव झाडत. चंद्रपूर जिल्ह्यात मूलजवळ सोमनाथला बाबा आमट्यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस श्रमसंस्कार छावणी सुरू केली, तीही भर मे महिन्याच्या उन्हात. त्या उन्हात घाम गाळून परतलेले कितीतरी तरुण पुढं आयुष्यभर कुठल्या ना कुठल्या कामाला चिकटून राहिले. छावणी काही दिवसांची, तिच्यातून लागलेली ओढ पुढच्या वर्षांची. तुमच्या शिबिराकडंही मी तसंच पाहतो.

आता एक हिशेब कर. शंभर स्वयंसेवकांच्या पथकातले पन्नास जण शिबिराला जातात. सात दिवस, रोज चार तास श्रमदान धर. एकूण 1,400 तास झाले. आणि नियमित कार्यक्रमाचं काय? वर्षाला प्रत्येकाचे 120 तास, त्यातले 70 समाजातल्या कामासाठी. शंभर जणांचे 7,000 तास! शिबिराच्या पाचपट मनुष्यबळ तुमच्या हातात आहे आणि ते वर्षभर पसरलेलं आहे. बहुतेक ठिकाणी हे तास जयंत्या, रॅल्या आणि फोटोंमध्ये विरघळतात, हे मी मास्तरकीच्या सगळ्या वर्षांत पाहत आलो. त्यातले हजारभर तास जरी तुम्ही या एका बागेला दिलेत तरी आठवड्याला वीस तास होतात. पाच पोरं आणि रविवारची सकाळ. एवढ्यावर बाग जगते.

सांभाळणारं माणूस ठरलेलं असलं की काय होतं, हे समजायला आपल्या तलावांकडं पाहा. आपला गोंदिया जिल्हा 1 मे 1999 ला भंडाऱ्यातून वेगळा झाला, पण तलावांची गोष्ट दोन्हीकडची एकच. गोंड राजांच्या अमलात कोहळी लोकांनी इथं जंगल तोडून धानाच्या बांध्या केल्या आणि उतार बघून तलाव बांधले. नवेगावचा बांध अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी घातला, अशी परंपरा आहे. तू लहानपणी त्या तलावाच्या काठावर चिंचा वेचल्या आहेस. जुन्या भंडारा आणि चांदा जिल्ह्यांच्या भागात असे साडेसहा हजारांवर मालगुजारी तलाव आहेत, लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. एकट्या गोंदियातच ते हजाराच्या वर आहेत.

हे तलाव दोन-दोनशे वर्षं टिकले ते काही पाळीची माती वेगळी होती म्हणून नाही. पावसाळ्याआधी पाळीवरची घळ कुणी बुजवायची, सांडव्याचे दगड कुणी बसवायचे, धान पोटरीवर आला की पाणी आधी कोणत्या बांधीत जायचं, हे ठरलेलं असे. पाणी वाटायला पाणकर नेमलेला असे आणि त्याच्या श्रमाचं धान त्याला मिळे. गुरांच्या पाण्याचे, मासे धरण्याचे, गाळ नेण्याचे हक्क गावच्या वाजिब-उल-अर्जमध्ये, म्हणजे रूढी-हक्कांच्या दप्तरात, लिहिलेले असत. त्या व्यवस्थेत बेगारही होती, मालगुजाराची दांडगाईही होती. ती गेली हे चांगलंच झालं, तिचे गोडवे मी गाणार नाही. पण 1950 च्या कायद्यानं मालगुजारी संपली, पुढच्या वर्षी तलाव सरकारकडं आले, आणि पाळीची जबाबदारी नक्की कुणाची, हा प्रश्न अधांतरी लटकला. लहान तलाव पुढं जिल्हा परिषदेकडं गेले, मोठे पाटबंधारे खात्याकडं. गावाला वाटू लागलं तलाव सरकारचा. खात्याला हजार ठिकाणी पोहोचता येईना. गाळ चढत गेला, पाळीवर झुडपं माजली, काठाची जमीन नांगराखाली आली. पाणी तेच, पाऊस तोच, फक्त सांभाळणारं माणूस ठरलेलं राहिलं नाही. तुमच्या दत्तक गावातल्या बागेचं दुखणं मला हेच वाटतं.

याच जिल्ह्यात ते दुखणं बरं करणारीही माणसं आहेत. अर्जुनी मोरगाव तालुक्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या मनीष राजनकर यांनी आणि ढिवर समाजाच्या मच्छीमारांनी मिळून तलावांचं काम उभं केलं. निमगावसारख्या गावांतल्या बायका त्यात पुढं आल्या. त्यांनी काय केलं ते नीट ऐक, कारण तुमच्या सात दिवसांना ते फार उपयोगी आहे.

तलावातले देशी मासे कमी होत चालले होते. या लोकांनी सुरुवात विचारण्यापासून केली. कोणता मासा कुठल्या पाणवनस्पतीत अंडी घालतो, पूर्वी या तलावात काय उगवत असे, आता काय दिसत नाही, हे म्हाताऱ्या ढिवरांना विचारून नोंदवलं. मग उन्हाळ्यात पाणी आटल्यावर बेशरम मुळासकट उपटली, तळाची माती नांगरली आणि पावसाचं पाणी आल्यावर दुसऱ्या तलावांतून आणलेल्या देशी पाणवनस्पती लावल्या. बेशरम काढून नुसती जागा मोकळी ठेवली असती तर पुढच्या पावसाळ्यात ती पुन्हा आलीच असती. रिकाम्या जागेत हवं ते आपण लावलं नाही तर नको ते आपोआप येतं, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगायला नको. वनस्पती परतल्या, मागोमाग देशी मासे परतले. आणि ज्यांनी चिखलात उतरून हे केलं त्यांचीच चूल त्या तलावावर पेटते, म्हणून पुढच्या वर्षीही ती माणसं आली. माझ्या मते सगळं यश या शेवटच्या गोष्टीत आहे.

तर तुमच्या बागेवर कुणाचं काय अवलंबून आहे, ते आधी शोधा. शिबिराच्या पंधरा दिवस आधी दोघा-तिघांनी त्या गावात एक अख्खा दिवस काढावा. सकाळी, दुपारी आणि दिवे लागणीला बागेत बसावं. सकाळी कोण फिरायला येतं? दुपारी सावलीला कोण टेकतं? बिड्या वळणाऱ्या बाया सूप घेऊन बसतात का? संध्याकाळी पत्त्यांचा डाव कुठं पडतो, आणि त्यामुळं बायका-पोरी आत यायच्या थांबल्या आहेत का? हे शेवटचं तू आणि तुझ्या मैत्रिणींनीच विचारावं, कारण मुलांना त्याचं खरं उत्तर कुणी देणार नाही. मला वाटतं बायका ज्या बागेत निर्धास्त बसतात ती बाग सहसा मोडत नाही. त्यांच्यासाठी काय लागतं? फाटकातून दिसणारे बाक, एक चालू दिवा, जवळ वापरता येईल असं शौचालय. यातलं शौचालय तुमच्या आवाक्याबाहेरचं आहे, पण बाक कुठं हलवायचे हे तुमच्या हातात आहे. पाळीवर उभं राहून जाळं टाकणाऱ्यालाही विचारा. बोडीचं पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकतं हे त्याच्याइतकं कुणी सांगणार नाही. झाडं किती लावायची ते त्या उत्तरावर ठरणार आहे.

आणि झाडं जानेवारीत लावूच नका. तुम्हाला हे रुचणार नाही, मला माहीत आहे. शिबिर म्हटलं की वृक्षारोपण आलंच, पाहुणे येतात, रोपाला पाणी घालतात. पण विचार कर. जानेवारीत लावलेल्या रोपाला मूळ धरायच्या आत मार्च येतो, आणि आपल्याकडं मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. 2016 पासून राज्यात दोन कोटी, मग चार, मग तेरा आणि 2019 साली तेहतीस कोटी झाडांची उद्दिष्टं ठेवली गेली. ती लागवड निदान जुलैत तरी होती. तरीही एका खड्ड्यात दर पावसाळ्यात नवं रोप उभं राहताना मी पाहिलं आहे. मोजायचंच असेल तर लावलेली झाडं मोजू नका, तिसऱ्या उन्हाळ्यानंतर जिवंत असलेली मोजा.

जानेवारीत करण्याजोगं काम भरपूर आहे. बेशरम मुळासकट काढा आणि तिच्या कांड्या पाण्याजवळ टाकू नका. ओल्या मातीत पडलेली कांडी पुन्हा फुटते. गाजर गवत फुलायच्या आधी उपटा, हातमोजे घाला, ज्याला अंगाला खाज सुटते किंवा दमा आहे त्याला त्या कामाला लावू नका. हे गवत पुण्यात पहिल्यांदा 1955 च्या सुमारास दिसलं असं म्हणतात, आणि आज बघ, आपल्या धुऱ्यांवरही तेच आहे. पालापाचोळा पेटवू नका. एका कोपऱ्यात कंबरेइतका खड्डा घ्या, पाला आणि शेणकाल्याचे थर द्या, अधूनमधून पाणी शिंपडा. जूनमध्ये खड्डे भरायला खत घरचं होईल. बहाव्याच्या वाळलेल्या शेंगा याच दिवसांत मिळतात, त्या गोळा करून ठेवा. चिंचोके आणि करंजाच्या बिया थोड्या मागाहून. कडुनिंबाची आणि मोहाची बी मात्र साठवू नका, ती फार दिवस उगवणक्षम राहत नाही, जूनमध्ये पडली की लगेच मातीत जायला हवी. रोपं लागलीच तर सामाजिक वनीकरण विभागाच्या रोपवाटिकेत आधी मागणी नोंदवा.

खड्डे मे महिन्यात खणून ठेवा, ऊन लागू द्या. लागवड मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले की ताबडतोब, जूनच्या शेवटी. जुलै लागला की गावात रोवणी सुरू होते, लहानथोर सगळी बांधीत असतात, तेव्हा बागेकडं बघायला कुणालाही सवड नसते. शहरातल्या संस्था गावात जुलैत कार्यक्रम ठेवतात आणि लोक आले नाहीत म्हणून खट्टू होतात, ते याच कारणानं.

किती झाडं? माझं ऐकशील तर पंचवीस. फेब्रुवारी ते जून प्रत्येकाला आठवड्याला पंधरा लिटरची एक बादली धर, म्हणजे आठवड्याचं पावणेचारशे लिटर पाणी. एवढं बोडीतून आणि पुढं हातपंपावरून दोन पोरांना आणता येतं. पाचशे झाडं लावलीत तर साडेसात हजार लिटर लागेल, ते कोण आणणार? बुडाशी भोक पाडून वात घातलेलं मडकं रोपाशेजारी पुरलंत तर पाणी आणखी कमी लागेल. बुंध्याभोवती तणस पसरायचा मोह होईल, पण तणसीच्या वासानं गुरं आत शिरतील. त्यापेक्षा पालापाचोळा बरा, तोही खोडाला चिकटू देऊ नका, वाळवी लागते.

कोणती झाडं लावायची ते गावालाच विचारा, पण माझ्या मनात कडुनिंब, करंज, बकुळ, बहावा, आवळा, जांभूळ आणि एक तरी मोह आहे. मोह मोठा व्हायला वर्षं लागतात, म्हणून तर तो आता लावायचा. पटकन हिरवं दिसावं म्हणून कुणी कोनोकार्पस सुचवील, नर्सरीवाले आनंदानं देतील. घेऊ नका. तो आपल्या मातीतला नाही, आणि गुजरात सरकारनं 2023 साली त्याची लागवड थांबवली. अलीकडं मियावाकी पद्धतीच्या दाट लागवडीचीही फार हौस आहे. जपानच्या अकिरा मियावाकींचं काम मोठं आहे यात शंका नाही, पण ते जंगल उभं करण्याचं तंत्र आहे. ज्या जागेत पोरांना धावायचं आहे आणि म्हाताऱ्यांना टेकायचं आहे तिथं एका चौरस मीटरमध्ये तीन-तीन झाडं कशाला? शिवाय नागझिऱ्याचं जंगल ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या बागेला सावली पुरते.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. बोडीच्या पाळीवर मोठं झाड लावू नका. मुळं मातीच्या पाळीत खोल जातात, झाड मेलं की कुजलेल्या मुळांच्या पोकळीतून पाणी झिरपायला लागतं आणि एखाद्या जोराच्या पावसात पाळ फुटते. पाळीवर गवतच हवं. वाळा लावलात तर माती घट्ट धरून ठेवील.

बाकीचं भराभर सांगतो. झोपाळा आणि जिमचं लोखंड पोरांनी तारेनं बांधून चालवू नये. वेल्डर बोलवा, त्याची मजुरी द्या किंवा गावाकडून मागा. आपल्याकडं राइस मिलवाले पुष्कळ आहेत, कामाचा नेमका हिशेब दाखवला तर ते सहसा नाही म्हणत नाहीत. कारंजं पुन्हा सुरू करण्याच्या भानगडीत पडू नका. त्या हौदात वाळू भरा. लहान पोरांना वाळूइतकं दुसरं काही आवडत नाही. हिरवळीचा हट्ट धरू नका, आपल्या उन्हाळ्यात ती पाणी पिते आणि तरी मरते. जुन्या झाडांच्या बुंध्यापर्यंत सिमेंट आलं असेल तर ते फोडून मीटरभर माती मोकळी करा. दिल्लीतल्या झाडांबाबत राष्ट्रीय हरित लवादानं 2013 साली हाच आदेश दिला होता. खोडांवर खिळे ठोकून पाट्या लावू नका. गवतात हात घालण्याआधी काठीनं आपटून घ्या, पायात बूट असू द्या, गावातल्या सर्पमित्राचा नंबर सगळ्यांजवळ ठेवा. घोणस आणि मण्यार आपल्या भागात आहेत आणि पाचोळ्यात पडलेली घोणस दिसत नाही.

भिंतीवर काय लिहायचं, ते आता सांगतो. घोषवाक्यं नकोत. पंचवीस झाडांची नावं रंगवा, पुस्तकी नाव आणि गावात म्हणतात ते नाव, दोन्ही. पाणी घालायचे वार रंगवा आणि त्या-त्या वाराला कोणती आळी किंवा शाळेचा कोणता वर्ग, ते लिहा. बोडीत पूर्वी कोणते मासे मिळत आणि आता कोणते मिळतात, ही यादीही म्हाताऱ्यांकडून उतरवून घ्या. येणारा-जाणारा ती वाचील, चुकीचं असेल तर भांडेल, आणि भांडायला थांबलेला माणूस बागेत थोडा वेळ बसेल.

वारांची ही नावं तुम्ही परस्पर रंगवू नका. त्यासाठी ग्रामसभा आहे. 26 जानेवारीची ग्रामसभा चुकवू नका. शिबिराच्या तारखा ठरवणाऱ्या सरांना सांग की शिबिर तिच्या आधी संपलं पाहिजे. काम ताजं असतं, गाव तुम्हाला ओळखू लागलेलं असतं, तेव्हाच ठराव होतो. बागेचं पाणी कुठून, दिव्याचं बिल कुठून, कुंपण मोडलं तर कुणी बघायचं, गुरं शिरली तर काय करायचं, एवढं तरी ठरावात यावं. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना आधी भेटा, महिला बचत गटाच्या बायकांना सभेला मुद्दाम घेऊन या. ठरावाची प्रत मागून घ्या आणि पुढच्या, 1 मेच्या ग्रामसभेत तो पुन्हा वाचायला लावा. पोरं झाडू मारतात तेव्हा गाव कौतुक करतं; पोरं ठरावाची प्रत मागतात तेव्हा गाव त्यांना गंभीरपणे घेतं.

अशा कामाला वेळ किती लागतो, तेही बघ. मुंबईत माहीम आणि धारावीच्या मधे, मिठी नदीकाठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. सुमारे 37 एकर. तिथं पूर्वी शहराचा कचरा टाकत. 1983 साली डॉ. सलीम अलींच्या हस्ते तिथं झाड लावलं गेलं आणि उद्यान लोकांसाठी उघडलं ते 1994 मध्ये. मधली अकरा वर्षं लोक माती आणत होते, मेलेली झाडं बदलत होते, पुन्हा लावत होते. आज तिथं शाळांच्या पोरांना घेऊन जातात, पक्षी दाखवतात. तुमची जागा त्यामानानं वितभर आहे, अकरा वर्षं लागणार नाहीत. पण तीन पावसाळे आणि तीन उन्हाळे लागतीलच.

इथं तुमच्या पुढची खरी अडचण येते. तू आता दुसऱ्या वर्षाला आहेस, दीड वर्षानं कॉलेज सोडशील. तिसरा उन्हाळा येईल तेव्हा आजच्या पथकातलं कुणीही तिथं नसेल. म्हणून पहिल्याच दिवशी एक जाड नोंदवही घाला. झाडाचा क्रमांक, लावल्याची तारीख, पाणी कुणी दिलं, कोणतं मेलं, का मेलं, वेल्डरला किती दिले, ग्रामसभेत कोण काय बोललं, सगळं तीत उतरवा. तिची एक प्रत कॉलेजात, एक गावच्या जिल्हा परिषद शाळेत. पथकात दरवर्षी पहिल्या वर्षाची जी पोरं येतात त्यांना ऑगस्टमध्येच त्या गावी न्या, झाडांशी आणि गावाशी ओळख करून द्या. शाळेतल्या पाचवी-सहावीच्या मुलांना शिबिरापासूनच सोबत घ्या. ती पोरं गावातच राहणार आहेत, आणि एखादं झाड आपण जगवलं ही गोष्ट त्या वयात मनात पक्की बसते. माझ्या वर्गातल्या मुलांनी शाळेच्या कुंपणाला लावलेल्या करंजाखाली आज त्यांची मुलं डबा खातात, म्हणून हे मी खात्रीनं सांगतो.

तुझ्या सरांनाही माझा नमस्कार सांग आणि हे पत्र दाखव. एखाद्या गोष्टीला त्यांची हरकत असेल तर त्यांचं ऐक, गाव त्यांनी माझ्यापेक्षा जवळून पाहिलं आहे.

आता एक काम आजच कर. शिबिर संपल्यानंतर जो पहिला रविवार येईल त्या दिवशी तुमच्यापैकी कोणते पाच जण त्या गावी जाणार, त्यांची नावं लिहून काढ आणि मला कळव.

तुझा,
आबाजी